दाद मागायची, देववायची आणि वसूलही करायची

प्रश्न असा आला आहे: ‘वादीने न्यायालयात दाद मागितली आणि त्याला स्थगिती मिळाली’ असं वाक्य वाचलं. इथे दाद म्हणजे तक्रार का? आणि गाण्याला देतात ती दाद हीच का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. हो, शब्द एकच. फारसीत दाद म्हणजे न्याय. तानेला दाद द्यायची म्हणजे तिला जे मिळायला हवं ते देऊन टाकायचं.

तक्रार मात्र नव्हे. तक्रार सांगतात, दाद मागतात. दिवाणी दाव्याची अर्जी पाहा. वरची कलमं नुसती हकीकत सांगतात: करार कधी झाला, रक्कम कधी दिली, प्रतिवादी कधी फिरला. मग ‘सबब विनंती की’ येतं, आणि त्याखाली जे असतं ती दाद. ‘दावा मिळकतीचा ताबा प्रतिवादीकडून वादीस देववावा’, ‘दाव्याचा खर्च देववावा’. हे ‘देववणे’ मला फार आवडतं. कोर्ट स्वतःच्या खिशातून काही देत नाही, प्रतिवादीला द्यायला लावतं, आणि ते सगळं एका प्रयोजक क्रियापदात मावलं आहे. वाटपाच्या दाव्यातलं ‘सरस-निरस मानाने वाटप’ही असंच नेमकं: नुसतं क्षेत्र मोजायचं नाही, चांगली-वाईट जमीन बघून हिस्से पाडायचे.

पैशांच्या दादेला नुकसानभरपाई म्हणावं, दंड नव्हे. दंड ही शिक्षा, भरपाईने वादीचं नुकसान भरून काढायचं असतं. म्हणून १८७२च्या करार कायद्याच्या कलम ७३मध्ये दूरान्वयाने झालेलं नुकसान बसत नाही. करारातच ‘मोडल्यास अमुक रक्कम’ लिहिली असली तरी कलम ७४प्रमाणे त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. पैशांनी भागत नसेल तर करारच पुरा करून मागायचा. विशिष्ट दाद कायद्यात (१९६३) ही गोष्ट पूर्वी कोर्टाच्या मर्जीवर होती. २०१८च्या दुरुस्तीने ती मर्जी बरीच आवळली.

आता तुमच्या वाक्यातली ‘स्थगिती’. माझी शंका तिच्यावर आहे. स्थगिती मिळते ती एखाद्या आदेशाला, कारवाईला किंवा हुकूमनाम्याच्या, म्हणजे दाव्याच्या निकालाने कोर्टाने दिलेल्या हुकुमाच्या, अंमलबजावणीला. माणसाला अडवायचं तर मनाई. शेजाऱ्याने बांधकाम करू नये म्हणून वादी जे मिळवतो तो मनाई हुकूम. दाव्याचा निकाल लागेपर्यंतचा असेल तर तात्पुरता. तो देताना प्रथमदर्शनी केस आहे का, गैरसोय कोणाची जास्त आणि नुकसान पैशांनी न भरून येणारं आहे का, हे तिन्ही पाहतात. बातम्यांत या दोन शब्दांची सर्रास अदलाबदल होते. आणखी एक गंमत: बांधून झालेली भिंत पाडायला लावणारा हुकूमही कायद्याच्या वर्गवारीत मनाईतच मोडतो. ‘सक्तीची मनाई’ म्हणावं तर अर्थ उलटा होतो, म्हणून वकील सरळ मँडेटरी इंजंक्शन म्हणून मोकळे होतात.

अर्जीच्या शेवटी ‘न्यायाच्या दृष्टीने योग्य ती अन्य दाद मिळावी’ हे ठरलेलं वाक्य असतं. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ७प्रमाणे ते लिहिलं नाही तरी चालतं. पण त्याच्या भरवशावर मुख्य दाद गाळू नये. त्याच कारणावरून मागता येणारी दाद कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडली, तर तिच्यासाठी नंतर वेगळा दावा लावता येत नाही (आदेश २, नियम २). नुसतं ‘मी मालक आहे असं जाहीर करून मिळावं’ एवढंच मागितलं, आणि ताबा मागणं शक्य असून मागितला नाही, तर विशिष्ट दाद कायद्याच्या कलम ३४प्रमाणे ती जाहीर करण्याची दादही मिळत नाही.

जाता जाता, फिर्यादी फौजदारीतला, वादी दिवाणीतला. ‘फिर्यादीने नुकसानभरपाईचा दावा जिंकला’ हे खटकायला हवं.

आणि दावा जिंकला म्हणजे दाद हातात पडली असंही नाही. हातात पडतो तो हुकूमनामा. प्रतिवादी आपणहून वागला नाही तर अंमलबजावणीसाठी वेगळी दरखास्त द्यावी लागते. बोलण्यात दरखास्त म्हणजे कुठलाही अर्ज, दिवाणी कोर्टात मात्र हाच. तिला मुदत सहसा १२ वर्षांची. कायमच्या मनाईच्या हुकूमनाम्याला ही मुदत लागू नाही.