ठेकेदाराच्या पैशातून नगरसेवकाने सहल केली तर चालते का? (सांगली)

नाही. नगरसेवक कायद्याने लोकसेवकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हे स्पष्ट केलंय. ज्याचं बिल किंवा टेंडर महापालिकेपुढे आहे, त्याच्याकडून फुकट विमान तिकीट, हॉटेल, दिवाळीला सोन्याचं नाणं घेणं म्हणजे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, 1988 चं कलम 11. शिक्षा 6 महिने ते 5 वर्षं. बदल्यात काम करून दिलं तर कलम 7, म्हणजे 3 ते 7 वर्षं. पाकीटच हवं असं नाही, गाडीत डिझेल भरून दिलं तरी तो लाभच. हार-नारळाचं कुणी मनावर घेत नाही.

देणाराही सुटत नाही. जबरदस्तीने द्यावं लागलं असेल तर 7 दिवसांत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा, फोन 1064. गावाकडच्या सरपंचालाही हेच लागू आहे.