वाचकांचे प्रश्न : डच मुद्राचित्रांतलं खेडं

प्रश्न : डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६४१च्या एका एचिंगमध्ये (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेल्या चित्रात) झोपडीला लागून नुसत्या खांबांवर तोललेलं छप्पर आहे. तो गोठा आहे का?

उत्तर : नाही, ती वाळल्या गवताची गंजी. डच शेतकरी तिला ‘होइबर्ख’ म्हणतात. खांबांना ओळीने भोकं पाडलेली असतात. त्यांत खुंट्या घालून त्यांवर छप्पर टेकवतात. गवत रचत जावं तसं छप्पर एकेक भोक वर चढवायचं, हिवाळ्यात गुरांना घालून गंजी खचली की खाली उतरवायचं. भिंती मुद्दामच नसतात. ओलसर गवत कोंडलं तर आतून तापतं आणि कधी आपोआप पेटतंही, त्यामुळे वारा खेळता लागतो. आपल्याकडे गंजी शाकारतात, तिथे शाकारलेलं छप्परच गंजीबरोबर वरखाली होतं. छपराच्या उंचीवरून महिना ओळखायला मात्र जाऊ नका. चित्रकार आपल्या मांडणीसाठी ती बदलू शकतो.

प्रश्न : ‘सुवर्णतोलकाचं शेत’ (१६५१) या रेम्ब्रांटच्याच एचिंगमधलं हार्लेम शहर नकाशाशी जुळत नाही. असं का?

उत्तर : चित्रासमोर आरसा धरा, जुळेल. तांब्याच्या पत्र्यावर जे डावीकडे, ते कागदावर उजवीकडे उमटतं. नीट छापून हवं तर पत्र्यावर उलटं काढावं लागतं, आणि रेम्ब्रांटने इथे ती खटपट केली नाही. नावही फसवंच आहे. हे शेत सुवर्णतोलकाचं नव्हे, क्रिस्टोफेल थेइस याचं. रेम्ब्रांटच्या घराचे पैसे याच थेइसला देणं होते.

प्रश्न : त्याच चित्राच्या दोन प्रतींपैकी एकीत झाडी मखमली काळी, दुसरीत करडी. बनावट आहे का?

उत्तर : तेवढ्यावरून म्हणता येणार नाही. काही रेषा आम्लाने नव्हे, सुईने थेट तांब्यात ओरखडलेल्या आहेत. नांगराच्या तासाकडेला माती उचलली जाते तशी रेषेच्या कडेला तांब्याची बारीक धार उभी राहते. शाई त्या धारेत अडकते आणि रेष मऊ, पसरट उमटते. पण दर छपाईला दाब आणि पुसण्याने धार झिजते. मग उरते फक्त बारीक रेष. काळी प्रत बहुधा आधीची, करडी नंतरची. बनावटीची शंका असेल तर कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह तपासून घ्या.