तिकिटातला पेग

गेल्या वेळी बिझनेस क्लासच्या जेवणावर लिहिलं, आणि पत्रं आली ती दारूवर. सव्वीस वर्षं केबिन क्रूमध्ये काढल्यावर मला याचं नवल वाटायला नको होतं. व्हेज की नॉनव्हेज हे विचारायच्या आधीच “शॅम्पेन कुठली आहे?” हा प्रश्न यायचा. सगळ्या पत्रांना इथे जागा नाही, थोडी निवडली आहेत.

प्रश्न : मुंबई–दिल्ली बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. पुढ्यात आलं काय, तर ओला टॉवेल आणि लिंबू सरबत. वाइन मागितली तर हवाईसुंदरी नुसती हसली. एवढे पैसे मोजून ही काय पद्धत झाली? (पुणे)

‘हवाईसुंदरी’ हा शब्द आता निवृत्त करा, मी झाले तशी. ती हसली, कारण त्या दिवशी हे विचारणारे तुम्ही पहिले नसणार. आपल्याकडे देशांतर्गत उड्डाणात दारू दिली जात नाही. कंपनी कुठलीही असो, वर्ग कुठलाही असो. परदेशातून येणारं विमान दिल्लीला थांबून पुढे मुंबईला जात असेल, तर दिल्लीपर्यंत बार उघडा आणि दिल्लीनंतर कुलूप. सीट तीच, क्रू तोच, तरीही. बॅगेतली स्वतःची बाटली काढून प्यायलाही परवानगी नाही.

तुमच्या तिकिटात रुंद खुर्ची, जास्त सामान, लाउंज आणि आधी उतरण्याचा मान होता. वाइन नव्हतीच. म्हणजे ‘मिळायला हवं होतं आणि दिलं नाही’ असं काही घडलेलं नाही.

प्रश्न : मी वाइनरीत काम करतो. घरी चांगली लागलेली रेड वाइन विमानात प्यायलो तर तुरट आणि पाणचट लागली. बाटली खराब होती की माझी जीभ? (नाशिक)

बाटली चांगली होती. तुमची जीभ आणि नाक दोन्ही कामावर नव्हती.

केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीचा नसतो. साधारण ६००० ते ८००० फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. म्हणजे महाबळेश्वर सोडा, त्याच्या बरंच वर सिमल्याच्या आसपास बसून तुम्ही पीत होता. हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते, त्यामुळे नाक सुकतं. चव म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यातला मोठा वाटा वासाचा, आणि तोच गेला की फळाचा गंध हरवतो. उरतात टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून येणारा तुरटपणा, आणि आंबटपणा. शिवाय इंजिनाचा सततचा घोंघाट गोडाची जाणीव कमी करतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी दाब कमी केलेल्या नळकांड्यासारख्या केबिनमध्ये लोकांना बसवून हे तपासलं होतं. मीठ आणि साखर दोन्ही फिकी लागतात असं त्यात दिसलं.

म्हणून विमानासाठी वाइन निवडणारे लोक फळाचा गंध ठळक असलेल्या, टॅनिन मऊ असलेल्या बाटल्या पसंत करतात. जमिनीवर जी नाजूक आणि खानदानी म्हणून गाजते, ती वर गेल्यावर मुकी होते. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने तर २०१७ मध्ये खास उंचीवर पिण्यासाठी ‘बेट्सी’ नावाची बिअर करून घेतली. त्यात लोंगान हे लिचीच्या जातकुळीतलं फळ होतं, आणि वायूचं प्रमाणही मुद्दाम वाढवलेलं होतं.

तुमच्या धंद्यातलं म्हणून आणखी एक सांगते. चांगली वाइन केली म्हणजे ती विमानात जातेच असं नाही. एका मार्गावर एका महिन्यात लागतात त्या पेट्या मोजल्या तर लहान वाइनरीचं सगळं पीक संपेल. कंपनीला एकाच वर्षाची, एकाच चवीची हजारो खोकी लागतात. एमिरेट्स तर बरगंडीत स्वतःचं तळघर राखून वाइन वर्षानुवर्षं मुरवत ठेवते. इकॉनॉमीत जाते ती १८७ मिलीची छोटी बाटली, पुढच्या वर्गात ७५० मिलीची. नाशिकच्या कुणाला तिथे शिरायचं असेल तर त्याने चवीच्या आधी पुरवठ्याचा विचार करावा.

प्रश्न : वय ६१, रक्तदाबाची गोळी चालू. अमेरिकेला मुलीकडे जाताना बिझनेस क्लासमध्ये दोन पेग घेऊन झोपतो, छान झोप लागते. बायको ओरडते. तुम्ही सांगा, तिचं बरोबर की माझं? (ठाणे)

वहिनींचं.

जर्मन एरोस्पेस सेंटरच्या संशोधकांनी कोलोनमध्ये केलेला आणि २०२४ मध्ये ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक प्रयोग तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. ४८ निरोगी, तरुण माणसं. काहींना साध्या दाबाच्या खोलीत झोपवलं, काहींना विमानाइतक्या कमी दाबाच्या. एका रात्री दारू न देता, एका रात्री वाइनच्या दोन पेल्यांएवढं मद्य देऊन. कमी दाबात पिऊन झोपलेल्यांच्या रक्तातला प्राणवायू झोपेत ८५ टक्क्यांच्या आसपास उतरला आणि नाडी मिनिटाला ८८ च्या घरात गेली. न पिता झोपलेल्यांची नाडी ७३. पिऊन झोपलेल्यांची गाढ झोपही कमी झाली. म्हणजे तुम्हाला जी ‘छान’ वाटते ती झोप म्हणजे शरीराची रात्रभर चाललेली चढण आहे. बोटाला ऑक्सिमीटर लावून ८५ दिसले असते तर २०२१ मध्ये तुम्ही कुणाला फोन केला असता ते आठवा.

आणि हे धडधाकट तरुणांचं झालं. तुम्ही ६१ चे, त्यात गोळी. डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना ‘विमानात, झोपण्याआधी’ हे शब्द गाळू नका. झोपेची गोळी आणि दारू एकत्र तर अजिबात नको. मी अशा एका प्रवाशाला उतरताना हलवून हलवून उठवलं आहे. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात.

घ्यायचंच असेल तर जेवणाबरोबर एक, सोबत तेवढंच पाणी, आणि झोपण्याआधी मध्ये वेळ जाऊ द्या. खुर्ची पूर्ण आडवी होते, पैसे तिचे दिलेत. झोपायला तीच पुरे.

प्रश्न : नेवार्कहून येताना माझ्या यजमानांना चौथा पेग नाकारला. बिझनेस क्लास, शिवाय ते काही गोंधळ घालत नव्हते. फुकट आहे म्हणताना मग मोजतात कशाला? (न्यू जर्सी)

फुकट नाही हो. बिल तुम्ही तिकीट काढतानाच भरलं आहे, फक्त आकडा दाखवला नाही इतकंच. आणि इथेच गफलत होते. ‘फुकट घालाल जेवू तर सारेजण येऊ’ हे एक आणि ‘पैसे दिलेत, वसूल करू’ हे दुसरं, दोन्ही एकाच वेळी डोक्यात चालू असतात. लग्नाच्या पंगतीत आग्रहाची सातवी जिलबी पानात पडली की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

मोजणं क्रूचं काम आहे. प्रशिक्षणात आम्हाला सिग्नलचे दिवे शिकवतात. हिरवा म्हणजे माणूस नेहमीसारखा. पिवळा म्हणजे आवाज चढला, तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगतो आहे, उगाच मिठी मारतो आहे. पिवळ्यातच हात आखडायचा, लाल होईपर्यंत थांबायचं नाही. अमेरिकी नियमांत तर स्पष्ट आहे की नशेत दिसणाऱ्या प्रवाशाला दारू द्यायची नाही, आणि विमान कंपनीने दिलेली सोडून दुसरी दारू विमानात प्यायची नाही. यजमान शांत होते म्हणता. बहुधा पिवळ्यावर शांत होते.

क्रू इतका सावध का, त्याचंही कारण आहे. २६ नोव्हेंबर २०२२ ला एअर इंडियाच्या न्यूयॉर्क–दिल्ली विमानात, बिझनेस क्लासमध्येच, नशेतल्या प्रवाशाने एका ज्येष्ठ महिलेवर लघवी केल्याची तक्रार झाली. डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीला ३० लाख रुपये दंड केला, वैमानिकाचा परवाना तीन महिने निलंबित केला आणि कंपनीने दारू देण्याचं धोरण नव्याने लिहिलं. आपल्याकडे बेशिस्त प्रवाशांसाठी २०१७ पासून तीन पायऱ्या आहेत : तोंडी गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत उड्डाणबंदी, धक्काबुक्कीला सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवावर बेतेल अशा वागण्याला किमान दोन वर्षं. नकार देणाऱ्या त्या मुलीने यजमानांचं काही वाईट केलं नाही.

प्रश्न : उड्डाणाआधी शॅम्पेन देतात असं ऐकलं होतं. मला संत्र्याचा रस मिळाला. (नागपूर)

विमानातला साठा बहुतेक वेळा करमुक्त असतो, म्हणून जमिनीवर असताना कार्टला सील असतं. काही देशांत ते उडाल्यावरच तोडता येतं. परदेशी जाणारं विमान असेल तर वर गेल्यावर मागा, मिळेल. पण कमी दाबात बुडबुडे लवकर पळतात, ओतलेला पेला फोटोसाठी ताटकळत ठेवू नका.

प्रश्न : आमच्या घरची काजू फेणी दुबईला भावाला न्यायची आहे. आणि विमानात मिळालेल्या छोट्या बाटल्या खिशात टाकल्या तर चालतं का? (फोंडा)

फेणीत मद्याचं प्रमाण साधारण ४२ टक्के. २४ ते ७० टक्क्यांमधलं मद्य चेक-इन बॅगेत माणशी ५ लिटरपर्यंत नेता येतं, पण किरकोळ विक्रीच्या सीलबंद बाटलीत. घरची, प्लास्टिकच्या बाटलीत भरलेली, तोंडाला फडकं बांधलेली फेणी तिथेच राहील. लेबल असलेली घ्या, आणि दुबईत उतरताना तिथली कस्टम्सची मर्यादा वेगळी पाहा. परत येताना भारतात माणशी २ लिटरची सूट आहे.

छोट्या बाटल्यांचं म्हणाल तर क्रू त्यांचा हिशेब लिहून देतो. उघडून दिलेली प्या, बंद बाटली घरी नेऊ नका. कपाटात ती वर्षानुवर्षं धूळ खाते, हे मी माझ्याच नातेवाइकांच्या घरी पाहिलं आहे.

प्रश्न : मुलाच्या पॉइंट्सवर पहिल्यांदाच बिझनेस क्लासने जाते आहे. मी घेत नाही. सगळे पेले उचलत असताना आपण अवघडल्यासारखं होतं. काय मागावं? (सांगली)

काकू, आधी अवघडणं सोडा. सौदिया, कुवेत एअरवेज, रॉयल ब्रुनेई, ईजिप्तएअर या कंपन्यांच्या विमानात दारू मिळतच नाही, आणि तिथेही लोक बिझनेस क्लासने ऐटीत जातात.

चहा मागणार असाल तर अपेक्षा कमी ठेवा. कमी दाबात पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, पत्ती नीट सुटत नाही. आलं घातलेला घरचा चहा मनातच ठेवा.

त्यापेक्षा टोमॅटोचा रस मागा. जमिनीवर मला तो अजिबात आवडत नाही. पण मघाशी नाशिकच्या वाचकांना सांगितलं त्या घोंघाटात गोड मंदावतं आणि उमामी, म्हणजे टोमॅटोतली ती भरदार चव, उलट उठून येते. बर्फ, लिंबाची फोड, मीठ. मिरपूड जरा जास्त टाकायला सांगा.