'सेकिरो' या व्हिडिओ गेममध्ये गेनिचिरो या शत्रूचा विजेचा हल्ला तलवारीने अडवूनही मोठे नुकसान होते, मग तो परतवायचा कसा?

वीज अंगावर येताना उडी मारून ती हवेतच झेलावी आणि पाय जमिनीला टेकण्यापूर्वी हल्ल्याचे बटण दाबावे, म्हणजे तीच वीज गेनिचिरोवर उलटते आणि तो काही क्षण जागीच थिजतो. फ्रॉमसॉफ्टवेअरच्या या २०१९ च्या गेममध्ये जमिनीवर उभ्या असलेल्या खेळाडूलाच विजेचा खरा धक्का बसतो, त्यामुळे तलवार आडवी धरणे येथे निरुपयोगी ठरते. मात्र गेनिचिरोने झेप घेताच घाईने उडी मारू नये. तो हवेत तलवार उगारून क्षणभर थांबतो, आणि लवकर उडी मारणारा नेमका वीज पडताना जमिनीवर आलेला असतो. अंतिम लढतीत इश्शिन या शत्रूची वीजही अशीच परतवता येते.