इंग्लिश समजतं सगळं, पण बोलायची वेळ आली की गाडी अडते!

प्रश्न : ताई, ऑफिसात इंग्लिश वाचतो, समजतंही, पण साधा मेल लिहायला अर्धा तास जातो आणि मीटिंगमध्ये तर वाक्य डोक्यात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. ग्रामरचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून करू का?

उत्तर : नको हो! तुम्ही नमुन्याला जो मेल पाठवलात त्यात ग्रामरच्या चुका किरकोळ आहेत, भानगड क्रमाची आहे. सुरुवात 'धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट', मग सर्व्हर कधी बंद पडला, कोणाशी काय बोलणं झालं सगळी कहाणी, आणि पार शेवटी 'काइंडली डू द नीडफुल'. आता साहेबांनी नेमकं करायचं काय? मराठीत क्रियापद शेवटी येतं, आधी कारणं मग मुद्दा ही आपली सवयच, पण इंग्लिश वाचणारा पहिल्या ओळीतच मुद्दा शोधतो. म्हणून उलटं करा. 'कुड यू प्लीज अप्रूव्ह 12 जून अ‍ॅज द न्यू टेस्टिंग डेट बाय टुमारो इव्हनिंग?' ही पहिली ओळ, कारणं त्याखाली. सब्जेक्टमध्ये नुसतं 'अपडेट' लिहू नका, 'अप्रूव्हल नीडेड : न्यू टेस्टिंग डेट' लिहा. आणि वाक्यंही आटोपशीर ठेवा. 1979 पासून सोप्या इंग्लिशसाठी झटणारी ब्रिटनची प्लेन इंग्लिश कॅम्पेन नावाची संस्था सांगते, वाक्याची सरासरी लांबी 15 ते 20 शब्दांची ठेवा म्हणून.

बोलतानाही तेच. अख्खं वाक्य मराठीत बनवून मग भाषांतर करायला गेलात तर उशीर होणारच ना. 'आय थिंक वी शुड', 'द मेन प्रॉब्लेम इज', 'कॅन आय अ‍ॅड समथिंग' अशा पाच-सहा सुरुवाती इतक्या घोटा की विचार न करता तोंडातून निघतील, पुढचं आपोआप जोडलं जातं, अडखळलात तरी चालतं.

अ‍ॅक्सेंटचं टेन्शन सोडा, उसना अ‍ॅक्सेंट तर कानाला फारच वाईट लागतो. जोर कुठे द्यायचा तेवढं मात्र बघा, आपण सगळी अक्षरं सारख्याच जोराने म्हणतो, इंग्लिशमध्ये तसं नसतं, 'डेव्हलप'मध्ये जोर 'व्हे'वर. रोज कुठलीही मुलाखत लावून बोलणाऱ्याच्या पाठोपाठ तसंच म्हणा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. सुरुवातीला स्वतःचा आवाज ऐकवत नाही, सगळ्यांचंच तसं होतं.