स्तनाच्या सोनोग्राफीत 'गाठ त्वचेत आहे' असं लिहिलंय. मग सुईची तपासणी टाळता येईल का?

ताई, 'त्वचेत' हा शब्द लिहिणाऱ्याने प्रोब, म्हणजे सोनोग्राफीत अंगावर टेकवायचा दांडा, कसा धरला होता, त्यावर सगळं आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि याच शब्दावरून माझं एकदा सरांशी वाजलं होतं.

मी तेव्हा शिकत होते. तिशीतल्या एका बाईच्या डाव्या स्तनावर तुरीच्या दाण्याएवढी गाठ, हाताला खड्यासारखी टणक. ती गाठीवरचं बोट काढायलाच तयार नव्हती. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसलेले, म्हणून कॅन्सरच्या संशयावर पाठवलेली. सरांनी प्रोब दाबला, अर्ध्या मिनिटात 'बायरॅड्स ४', म्हणजे कॅन्सरचा संशय, तुकडा काढून तपासा, असं म्हणाले आणि उठले.

मी जेलचा जाड थर दिला आणि प्रोब नुसता टेकवला. स्तनाची त्वचा जेमतेम २ मिलिमीटरची. दाबली की चपटी होते आणि तिच्यातली गाठ खालच्या चरबीतली वाटते. दाब काढल्यावर दिसलं, त्वचेचा पांढरा पट्टा गाठीच्या दोन्ही कडांना चिमटीसारखा धरून होता. आत पांढरे ठिपके, खाली काळी सावली. मी पायलोमॅट्रिक्सोमा म्हटलं. केसाच्या मुळातल्या पेशींची ही सौम्य गाठ माल्हर्ब या फ्रेंच डॉक्टरने १८८० मध्ये वर्णन केली. एरवी ती चेहरा, मान, दंडावर येते, स्तनावर क्वचितच.

सर म्हणाले, "स्तनावर आहे ना? मग स्तनाचीच धरायची."

गाठ काढली. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट पायलोमॅट्रिक्सोमाच आला. सर त्यावर काही बोलले नाहीत. ती बाई मात्र मधले पंधरा दिवस धड झोपली नव्हती, आणि ते चमचाभर जेलने टळलं असतं असं मला आजही वाटतं. ओपीडीत रांग असते, मान्य. पण घाई पेशंटच्या जिवावर करायची नसते.

तुमच्या सुईचं, चित्र न बघता मी हो किंवा नाही म्हणणार नाही. सुई टाकलीच तर गाठ त्वचेत असल्याचं पॅथॉलॉजिस्टला आवर्जून कळवा, कारण या गाठीच्या पेशी कधीकधी कॅन्सरसारख्या दिसतात. आणि हो, त्वचेतली म्हणजे सौम्यच, असंही नाही. स्तनाचा कॅन्सर त्वचेतही पसरतो. गाठ वाढतेय, लाल होतेय, चिघळतेय, तर थांबू नका.

पुन्हा सोनोग्राफी झाली तर टेबलावरूनच सांगा, "जेल भरपूर लावा, दाबू नका." समोरचा चिडला तरी सांगा.