वायफायचं चिन्हच गायब

प्रश्न : बॅटरी संपून लॅपटॉप (विंडोज ११) अचानक बंद पडला. तेव्हापासून वायफायचं चिन्हच दिसत नाही. मोबाइलवर नेट चालतं. काय करावं?

उत्तर : मोबाइलवर चालतंय, म्हणजे राउटरच्या वाटेला जाऊ नका. बहुधा वायफाय कार्ड अर्धवट अवस्थेत अडकलंय. लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चालू करा. नुसतं ‘शट डाउन’ पुरत नाही. फास्ट स्टार्टअप (लॅपटॉप लवकर सुरू करणारी विंडोजची सोय) ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, जुनीच स्थिती परत उचलतो. म्हणून एकदा ‘रीस्टार्ट’ही कराच.

तरीही नाही? डिव्हाइस मॅनेजरमध्ये (लॅपटॉपच्या सुट्या भागांची विंडोजमधली यादी) ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खालचं वायफाय कार्ड अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. ड्रायव्हर काढण्याच्या चौकटीत मात्र खूण नको. नेटशिवाय तो पुन्हा आणणार कुठून? चिन्ह आलं, पण साइट्स सुरक्षेचा इशारा देत असतील, तर आधी तारीख-वेळ तपासा. ‘नेटवर्क रीसेट’ (नेटवर्कची सगळी सेटिंग्ज मूळ स्थितीत आणणं) अगदी शेवटी, कारण त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड पुसले जातात.